आरोग्य तपासणीची चिठ्ठी दप्तरातच राहते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले की व्हरांड्यात वजनकाटा मांडला जातो, भिंतीला उंचीची पट्टी लागते आणि लेकरांची रांग होते. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून देशभरासाठी सुरू झाला. जन्मतःचे व्यंग, कमतरतेचे आजार, लहानपणीचे नेहमीचे आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गटांतल्या ३० तक्रारी शोधायच्या, वय जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा, असा त्याचा आराखडा आहे. योजना चांगली आहे आणि पथकातली बहुतेक माणसे मनापासून काम करतात. हे आधीच लिहितो, कारण पुढची तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

अडते ते संदर्भ चिठ्ठीपाशी, म्हणजे पुढच्या तपासणीसाठी रुग्णालयात पाठवणाऱ्या चिठ्ठीपाशी. चौथीतल्या एका लेकराला फळ्यावरचे दिसत नाही असे पथकाच्या लक्षात येते. चिठ्ठी लिहिली जाते : ग्रामीण रुग्णालय, नेत्र तपासणी. चिठ्ठी लेकराच्याच हातात दिली जाते. ते तिची चौघडी करून कंपासपेटीत ठेवते. आई संध्याकाळी खुरपणीवरून येते, तिला चिठ्ठी दिसली तर दिसली. दिसली तरी तालुक्याला जायचे म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, एसटीचे भाडे लागते, आणि त्या दिवशी डोळे तपासणारे नेत्र चिकित्सा अधिकारी कुठल्या शिबिराला गेलेले असले तर हात हलवत परत यावे लागते. एकदा अशी परत आलेली आई दुसऱ्यांदा जात नाही. पुढच्या वर्षी पथक येते, तेच लेकरू रांगेत असते आणि तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते. अहवालात मात्र दोन्ही वर्षी ‘तपासणी पूर्ण’ आणि ‘संदर्भित’ असे दोन रकाने भरलेले असतात.

याला मोठा निधी लागत नाही, शंभर पानी वही लागते. पानावर आडव्या ओळीत इतके लिहायचे : लेकराचे नाव व इयत्ता, काय निघाले, कुठे पाठवले, कोणत्या तारखेला जायचे, गेले का, तिथे काय झाले, पुन्हा कधी जायचे, आणि आईवडिलांचा चालू असलेला मोबाइल नंबर. नंबर दर सत्राला विचारून घ्यावा लागतो, कारण रिचार्ज संपला की सिम बदलते. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक पालकांना आणि एक या वहीत चिकटवलेली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चिठ्ठी घरी जाण्याआधी शाळेने रुग्णालयात फोन करून डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते विचारावे आणि तो वार चिठ्ठीवर ठळक लिहावा. एकाच केंद्रप्रमुखाकडच्या चार-पाच शाळांची लेकरे एकाच दिवशी, एकाच गाडीने, एका शिक्षकासोबत नेली तर कोणाच्याच आईचा रोज बुडत नाही. आयुष्मान भारत योजनेच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचे ठरलेले आहे. ही वही त्यांच्याकडे असावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या दर महिन्याच्या बैठकीत ती पाच मिनिटे उघडावी आणि ‘गेले का?’ या रकान्यात जिथे रिकामे आहे तिथे बोट ठेवावे.

हृदयाचा दोष निघालेल्या लेकराचे प्रकरण आणखी वेगळ्या जागी अडते. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) होते, शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकते हेही कळते. मग कागद मागितले की समजते, लेकराचे नाव रेशन कार्डावर चढवलेलेच नाही, किंवा आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘माउली’ आहे. या दुरुस्तीला महिना-दोन महिने जातात. म्हणून शाळेच्या वहीत कोणाचेही नाव चढले की त्याच आठवड्यात रेशन कार्ड, आधार आणि बोनाफाइड (शाळेचा दाखला) या तिन्हींवरचे नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे नाव शेजारी शेजारी ठेवून ताडून बघावे. हे काम मुख्याध्यापक एका मधल्या सुट्टीत करू शकतात.

आता पथकाच्या वेळेचा हिशेब. पटावर १२० लेकरे, डॉक्टर दोन, प्रत्यक्ष तपासणीचे तास पाच. एका लेकराला पाच मिनिटे आली. शिक्षक त्याच लेकराला वर्षभर बघतात. म्हणून काही गोष्टी शिक्षकांनीच आधी हेरून पथकापुढे ठेवायला हव्यात.

डोळ्यांची पहिली चाचणी शिक्षकांना करता येते, पण ती करताना ठरावीक चुका होतात. तक्ता सहा मीटरवर, म्हणजे वीस फुटांवर लागतो. बऱ्याच वर्गखोल्यांत तेवढे अंतर मिळत नाही, मग दहा फुटांवर तक्ता टांगून काम उरकले जाते आणि सगळी लेकरे ‘पास’ होतात. व्हरांड्यात किंवा दोन खोल्यांच्या दारातून अंतर मोजून खडूने रेघ मारावी. तक्त्यावर उजेड पडावा, लेकराच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये. एकेक डोळा तपासताना दुसरा तळहाताच्या खोलगट भागाने झाकायचा. बोटांनी दाबला तर तो डोळा काही वेळ धूसरच दिसतो आणि त्याची पाळी आली की चांगला डोळाही अधू ठरतो. रांगेतली बाकीची लेकरे तक्त्याच्या समोर उभी करू नयेत, कारण पाचवे लेकरू येईपर्यंत ओळ पाठ झालेली असते. चष्मा असेल तर तो घालूनच तपासावे. कोणत्याही एका डोळ्याने ६/९ ची ओळ वाचता आली नाही की नाव वहीत. फुकट मिळालेला चष्मा पेटीत पडून राहतो ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे वर्गशिक्षकांनी पहिले पंधरा दिवस हजेरीबरोबर चष्मा विचारणे, आणि ‘चश्मिश’ म्हणून चिडवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवणे.

कान वाहणारे लेकरू वर्गात ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर जाते. त्याला ऐकू येत नाही हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. घरी कानात कोमट तेल सोडले जाते, पावसाळ्यात नदी-विहिरीत पोहणे चालूच असते, आणि फुटलेला पडदा भरून यायला वाव मिळत नाही. अशा लेकराला पहिल्या बाकावर, चांगला कान शिक्षकांकडे येईल असे बसवावे आणि कान कोरडा ठेवायला सांगावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवणे भागच आहे.

खेळताना मध्येच उकिडवे बसणारे, ओठ निळसर पडणारे, वारंवार छातीत कफ भरणारे आणि अंगाने न भरणारे लेकरू हृदयासाठी तपासून घ्यावे. घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे असे आळीपाळीने सुजले तर तो संधिवाताचा ताप असू शकतो, जो पुढे हृदयाच्या झडपा खराब करतो. हा ताप होऊन गेलेल्या लेकराला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. एक तारीख चुकली तर आजार उलटू शकतो. ही तारीख शाळेच्या फळ्यामागच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवायला काय हरकत आहे?

इथून मी मराठवाड्याच्या खास दुखण्याकडे येतो. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, गंगाखेड अशा तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जी लेकरे मागे हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात त्यांची तपासणी होते. जी आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या पाचटाच्या झोपडीत जातात ती आमच्या आरोग्याच्या नकाशातून पाच-सहा महिने पुसली जातात. जंतनाशक दिन १० फेब्रुवारीला, तेव्हा ती सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे पाचटात. पथक डिसेंबरात शाळेत आले तर पटावर नाव आणि समोर रिकामी जागा. आठवड्याची लोहाची गोळी बंद. २१ दिवसांचे इंजेक्शन बंद. आणि गरज नेमकी तिथेच जास्त : उघड्यावर शौच, अनवाणी पाय म्हणून आकडेकृमी, त्यामुळे रक्त कमी, जमिनीवर झोपणे म्हणून रात्रीचा मण्यार दंश, चुलीचा धूर म्हणून छातीचे त्रास.

माझी पहिली मागणी म्हणून सरळ आहे. ज्या गावांतून टोळ्या जातात त्या गावांतल्या शाळांची तपासणी जुलै ते सप्टेंबर याच तीन महिन्यांत व्हावी. पथकाच्या गाडीचा मार्ग ठरवताना तालुका आरोग्य अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांनी एका टेबलावर बसून स्थलांतराची गावे आधी लावावीत, बाकीची नंतर. तपासणीत निघालेल्या लेकराची संदर्भ सेवा दसऱ्याआधी पूर्ण व्हावी. जंतनाशकाची ऑगस्टची फेरी या गावांत एकही लेकरू न चुकता व्हावी, कारण फेब्रुवारीची त्यांना मिळणारच नाही. आणि स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठीच्या शिक्षण हमी कार्डाच्या मागच्या बाजूला आरोग्याच्या चार ओळी लिहून द्याव्यात : चालू औषध, पुढच्या इंजेक्शनची तारीख, ॲलर्जी, शेवटची लस. त्याचा फोटो वडिलांच्या आणि मुकादमाच्या मोबाइलवर टाकावा. कार्ड हरवते, फोटो सहसा राहतो. कारखान्याच्या हद्दीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एवढ्यावरून इंजेक्शन देता येईल.

लोहाच्या गोळीबद्दल थोडे सविस्तर लिहावेच लागेल, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. पहिली ते पाचवीला गुलाबी गोळी, तीत ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. सहावी ते बारावीला निळी, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. आठवड्यातून एकदा, शिक्षकांच्या समोर, पाण्याबरोबर. गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते, पोटात ढवळते, कधी उलटी होते. म्हणून ती खिचडी खाऊन झाल्यावरच द्यायची. आता अडचण बघा. बहुतेक शाळांत गोळीचा वार सोमवार असतो. श्रावणात सोमवारी शाळा अर्धा दिवस, आणि सातवी-आठवीच्या निम्म्या मुलींना उपवास. गोळी रिकाम्या पोटी जाते, एखादी मुलगी उलटी करते, तिला बघून शेजारच्या दोघी पोट धरतात, घरोघरी फोन जातात, आणि गावात बातमी पसरते की गोळीतून विषबाधा झाली. त्यानंतर सहा महिने त्या गावात कोणी गोळी घेत नाही. श्रावणापुरता वार मंगळवारी सरकवला तर हा सगळा प्रसंग टळतो. तरीही एखादीला त्रास झालाच तर तिला दुसऱ्या खोलीत सावलीत आडवे करावे, घोट घोट पाणी द्यावे, भोवती गर्दी होऊ देऊ नये आणि बाकीच्यांचा वर्ग चालू ठेवावा. घाबरण्याची लागण आजारापेक्षा लवकर होते.

गोळी घेतल्यावर शौचाला काळी होते. हे मुलींना आणि आयांना आधीच सांगितले नाही तर पोटात रक्त आले म्हणून दुसऱ्या दिवशी गोळ्या उकिरड्यावर जातात. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू चालतो, उलट चांगला. अंगात ताप असलेल्या लेकराला त्या आठवड्यात गोळी देऊ नये. थॅलेसेमियाच्या (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) लेकराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह मुळीच देऊ नये, आणि किनवट-माहूरकडच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) लेकरू आधीच माहीत असेल तर तिथेही डॉक्टरांचे मत घ्यावे.

आणखी एक गोष्ट बरेच शिक्षक नजरेआड करतात. आठवड्याची गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून आहे, कमी झालेले भरून काढायला ती पुरत नाही. १२ ते १४ वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, किंवा ५ ते ११ वर्षांच्या लेकराचे ११.५ च्या खाली निघाले तर त्याला डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत रोज गोळी लागते, काही महिने लागते, आणि मग पुन्हा तपासणी लागते. तपासणीत ‘८’ लिहून आलेल्या मुलीला सोमवारची एक निळी गोळी देऊन समाधान मानणे म्हणजे तिचे वर्ष वाया घालवणे. गोळ्यांचे बॉक्स पत्र्याच्या खोलीत, खिडकीशी ठेवू नयेत. जवळची मुदत आधी वापरावी, रंग उडालेली किंवा चिकटलेली पाकिटे आरोग्य केंद्राला परत करावीत.

जंतनाशकाचे नियम थोडके आहेत. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, गिळायची नाही. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही कुटून पाण्यात, नाहीतर घशात अडकते. त्या दिवशी आजारी असलेल्याला बरे झाल्यावर द्यावी. लसीकरणात ५ ते ६ वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि १० व १६ व्या वर्षीची टीडी (धनुर्वात, घटसर्प) या सुया शाळेच्या वयात येतात. पाचवी आणि दहावीच्या वर्गशिक्षकांनी यादी करून आरोग्य सेविकेला दिली तर एका दुपारचे काम आहे.

आता औषध देण्याच्या धोरणाविषयी, जे बहुतेक शाळांत लेखी स्वरूपात नाहीच. पालक सकाळी डबा देताना म्हणतात, ‘सर, जेवल्यावर एवढी गोळी द्या.’ कागदात गुंडाळलेली अर्धी पांढरी गोळी. ती कशाची, कोणी सांगितली, कधीची, काही माहीत नाही. शिक्षक नाही म्हणाले तर पालक नाराज, दिली आणि काही झाले तर अंगाशी. दुसऱ्या टोकाला शिक्षकांच्या ड्रॉवरमधले सुटे पत्ते असतात : पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक, कधी कोणाच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या. दोन्ही टोके धोक्याची आहेत.

नियम इतके असावेत. पालकांचा लेखी अर्ज, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. औषध मूळ पाकिटातच, त्यावर लेकराचे नाव आणि वेळ. देणारे शिक्षक ठरलेले, ते रजेवर असतील तर दुसरे कोण तेही ठरलेले. दिल्यावर वहीत वेळ आणि सही. बाकी औषधे कुलपात, पण दम्याचा पंप आणि मधुमेही लेकराची साखर कधीच कुलपात नाही, ती लेकराजवळ किंवा त्याच्याच वर्गात. शाळेने स्वतःहून द्यायचे औषध फार तर दोन : ओआरएस (जलसंजीवनी) आणि पालकांना फोन करून पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर असते, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दुसरीतल्या २० किलोच्या लेकराला ५०० ची अर्धी गोळी, आणि दोन मात्रांत किमान चार ते सहा तास. ‘सगळ्यांना एकेक’ हा प्रकार बंद व्हावा. तापात ॲस्पिरिन कोणत्याही लेकराला नाही.

टाइप-१ मधुमेहाचे लेकरू शाळेत असेल तर त्याला वर्गात साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची मुभा हवी. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना हेच कळवले आहे. खेळाच्या तासानंतर हे लेकरू एकाएकी घामाघूम झाले, थरथरू लागले, चिडचिडे किंवा गुंगीत गेले तर साखर उतरली असे धरून चालावे. तपासली आणि ७० च्या खाली निघाली, किंवा तपासायला यंत्रच नसले, तरी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा बघावे, बरे वाटले की पोळी-भाजी खाऊ घालावी. बेशुद्ध असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, कुशीवर वळवून १०८ ला (रुग्णवाहिकेला) फोन करावा. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहावी लागते, चालू बाटली साधारण महिनाभर थंड जागी राहते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४२ वर जातो आणि शाळेत फ्रिज नसतो. तिथे जुनी युक्ती चालते : मोठ्या मडक्यात ओली वाळू, तीत लहान मडके, त्यात कोरड्या डबीत बाटली, वरून ओले फडके आणि सावली. बर्फाला चिकटवून ठेवलेले इन्सुलिन गोठून निकामी होते, हे आईस्क्रीमच्या थर्माकोल डब्यात ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

फिट आलेल्या लेकराच्या नाकाशी आजही कांदा आणि चप्पल धरली जाते, दातांत चमचा घातला जातो. चमच्याने दात तुटतात आणि तुकडा श्वासनळीत जातो. आजूबाजूचे बाक सरकवा, डोक्याखाली दप्तर द्या, गळ्याची टाय-बटण सैल करा, झटके ओसरताच कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेले किंवा शुद्धीवर न येताच पुन्हा फिट आली तर १०८. फिटच्या गोळ्या चालू असलेल्या लेकराला श्रावणातला उपवास आणि रात्रीचे जागरण दोन्ही घातक, हे पालकांना शाळेनेच सांगावे. आणि फिट येते म्हणून लेकराला शाळेतून काढू नये.

खिचडीच्या पातेल्याने भाजले तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. शाई, टूथपेस्ट, हळद काही नाही. कुत्रे चावले तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे, चुना-तिखट लावू नये, आणि ओरखडा असला तरी त्याच दिवशी लस सुरू करावी. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे सीरमही लागते, ते कुठे आहे हे आधी फोनवर विचारावे. साप चावला तर चिरणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे नको. लेकराला चालवू नये, पाय किंवा हात पट्टीने आणि काठीने स्थिर करून थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. मंदिरात किंवा मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास भरून निघत नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात आज साठा आहे का, हा प्रश्न शाळेने पावसाळ्याच्या तोंडीच विचारून उत्तर भिंतीवर लिहून ठेवावे.

प्रथमोपचार पेटी उघडली की वाळलेला कापूस, मुदत संपलेले टिंक्चर आणि गंजलेली कात्री निघते. त्यापेक्षा निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज दोन, पोव्हिडोन आयोडिनची लहान बाटली, हातमोजे, थर्मामीटर, साबण, पाव किलो साखर आणि ओआरएसची दहा पाकिटे एवढेच ठेवावे. ओआरएसचे २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या लिटरमध्ये नाही, आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यायचे. मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत उन्हाने चक्कर येणाऱ्यांसाठी हेच लागते. दर तिमाहीला कोणी तरी मुदती बघून पेटीच्या झाकणाच्या आत तारीख लिहावी.

किनवटसारख्या भागात लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले तर शाळेच्या बोअरच्या पाण्याचे फ्लोराइड तपासून घ्यावे. मर्यादा दर लिटरला १.५ मिलिग्रॅम. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, आटल्यामुळे उलट वाढते, म्हणून पर्यायी स्रोत हाच उपाय.

शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हे मान्य. म्हणून शासनाकडे मागणी इतकीच : औषध देण्याच्या नियमांचे एक पानी परिपत्रक काढावे, ज्यात नियम पाळून मदत करणाऱ्या शिक्षकावर कारवाई होणार नाही असे स्पष्ट लिहिलेले असेल. संदर्भ सेवेच्या वहीचा नमुना सर्व शाळांना द्यावा आणि केंद्रप्रमुखांच्या भेटीत ती बघितली जावी. तालुक्याच्या मासिक आढाव्यात ‘किती तपासले’ याऐवजी ‘किती संदर्भित आणि त्यांपैकी किती बरे झाले’ हा आकडा विचारावा. आणि ऊसतोडीच्या गावांचे वेळापत्रक येत्या हंगामाआधी, टोळ्यांच्या गाड्या भरायच्या आत, बदलावे.

आपला,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक
अंबाजोगाई, जि. बीड